पेंटर हे त्यांचं आडनाव नव्हतं

तुम्ही आर्किटेक्चरला असा, फाइन आर्टला असा नाहीतर साध्या बीएस्सीला. गणपती जवळ आले की मंडळाचा देखावा तुमच्याच गळ्यात पडतो. पुठ्ठ्याचा राजवाडा तुम्ही उभा करता, बॅनर तुम्हीच डिझाइन करता, लायटिंग तुम्हीच जोडता आणि ऐनवेळी मोटर बंद पडली की पक्कड घेऊन तुम्हीच खाली बसता. मंडळात तुमचं भारी कौतुक होतं. घरी मात्र एकच विचारणा असते, की बाबा रे, यातलं एक काय ते नक्की कर. दहा ठिकाणी हात घालणाऱ्याचं पुढं काही होत नाही, हे आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेलं असतं.

ज्यांना ही विचारणा झालीय त्यांच्यासाठी आज एका कोल्हापूरकराची गोष्ट. हा माणूस चित्रकार होता, शिल्पकार होता, नाटकाचे पडदे रंगवायचा, सेट उभारायचा, पोस्टर काढायचा, सिनेमा दिग्दर्शित करायचा. आणि सिनेमा करायला कॅमेरा लागतो म्हटल्यावर त्यानं तोही घरीच बनवला. नाव तुम्हाला माहीत आहे, कलामहर्षी बाबूराव पेंटर. गोष्ट मात्र बऱ्याच जणांना नावापुरतीच माहीत असते.

मेस्त्रींचं घर

पेंटर हे त्यांचं आडनाव नव्हतं. ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या या मुलाचं नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. वडील कृष्णराव नावाप्रमाणे खरेच मेस्त्री होते. सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, हस्तिदंतावरचं कोरीवकाम, सगळ्यात त्यांचा हात चालायचा. अशा घरात पोराला वेगळं शिकवायला बसावं लागत नाही. ते पटाशी आणि कानस बघत बघतच मोठं होतं.

कबनूरच्या वाचकांना हे समजावून सांगायची गरज नाही. आपल्या कुठल्याही बोळातून गेलं तरी मागांची खटखट ऐकू येते. त्या खटखटीत जरा फरक पडला की जॉबर कान टवकारतो, माग थांबवतो आणि नेमका कुठला भाग ढिला झालाय ते हात लावून सांगतो. त्याच्याकडं इंजिनिअरिंगची डिग्री असेलच असं नाही. वर्षानुवर्षं मशीन उघडून बघितल्यामुळं त्याला ते कळत असतं. मेस्त्रींच्या घरातलं शिक्षण याच जातीचं होतं. बाबूरावांची शाळा फार चालली नाही आणि कुठल्या आर्ट स्कूलमध्येही ते गेले नाहीत. चित्रकला ते स्वतःच शिकले.

अर्थात, गावही तसं होतं. राजर्षी शाहू महाराजांचं कोल्हापूर हे. तालमीत पैलवान, देवळांत गवई, दरबारात आबालाल रहिमानांसारखा चित्रकार. १९१२ मध्ये खासबाग मैदान झालं, पाठोपाठ त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभं राहिलं, म्हणजे आपलं आत्ताचं केशवराव भोसले नाट्यगृह. कला करणाऱ्या माणसाला इथं कुणी रिकामटेकडा समजत नव्हतं.

आधी पडदा

बाबूरावांना पहिली ओळख मिळाली ती नाटकाच्या पडद्यांनी. त्या काळातल्या संगीत नाटकात स्थळ बदललं की मागचा पडदा बदलायचा. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा. गुंडाळी सोडली की जंगल आलं, वर घेतली की जंगल गेलं. नात्यानं भाऊ असलेले आनंदराव हेही असेच हुन्नरी. साधारण १९१० ते १९१६ या काळात या दोघांनी रंगवलेल्या पडद्यांचा पश्चिम भारतात दबदबा होता. संगीत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी पडदे केले, केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसाठी केले, पारशी-गुजराती रंगभूमीसाठीही केले. लोक दोघांना पेंटर म्हणायला लागले आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडलं. बाबूराव तेव्हा विशीत होते. तुमच्याच वयाचे.

आर्किटेक्चरवाल्यांनो, इथं जरा थांबा. पडदा रंगवणं म्हणजे मोठ्ठं चित्र काढणं एवढंच नाही. सपाट कापडावर खांबांची रांग लांब जाताना दिसली पाहिजे, पायऱ्या खऱ्या वाटल्या पाहिजेत आणि हे पहिल्या रांगेतल्या सरदारालाही दिसलं पाहिजे नि पिटातल्या प्रेक्षकालाही. तुम्ही फर्स्ट इयरला जे पर्स्पेक्टिव्ह ड्रॉइंग करता, तेच काम, फक्त कागद अख्ख्या रंगमंचाएवढा. जागा प्रत्यक्ष नसताना ती डोळ्यांना कशी पटवायची, याचा अभ्यास बाबूरावांचा असा पडद्यांवर झाला.

मग कॅमेरा

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघा भावांना सिनेमानं झपाटलं. चित्र हलतंय म्हटल्यावर चित्रकाराला दुसरं काही सुचेल कसं? त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर मिळवला आणि सिनेमाचे खेळ सुरू केले. पण नुसते दुसऱ्यांचे सिनेमे दाखवून त्यांचं समाधान होणार नव्हतं. स्वतःचा सिनेमा करायचा तर कॅमेरा हवा. कॅमेरा यायचा परदेशातून, तोही भरमसाट किमतीत, आणि १९१४ पासून जगात महायुद्ध पेटलेलं. मेस्त्रींच्या घरातल्या पोरांनी मग मेस्त्रींच्याच पद्धतीनं विचार केला. आपणच बनवू.

हे काम किती अवघड होतं ते नीट समजून घ्या, नाहीतर ही नुसती जिद्दीची गोष्ट वाटेल. सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म म्हणजे दोन्ही कडांना भोकं असलेली लांब पट्टी. एका चित्रामागं प्रत्येक बाजूला चार भोकं. कॅमेऱ्यातला एक छोटा आकडा या भोकांत अडकतो, पट्टी नेमकी एका चित्राएवढी खाली ओढतो आणि बाहेर येतो. पट्टी क्षणभर स्थिर राहते, तेवढ्यात फिरती झडप उघडते आणि लेन्समधून प्रकाश आत येतो. झडप बंद, पुन्हा आकडा, पुन्हा ओढ. सेकंदाला साधारण सोळा वेळा. आणि हे सगळं हातानं दांडा फिरवून, एका लयीत. आकड्यात केसाएवढा खेळ राहिला तरी चित्र थरथरतं आणि मोठ्या पडद्यावर ती थरथर कितीतरी पटीनं वाढून दिसते. झडपेची वेळ चुकली तर चित्र फराटे मारतं.

यातला एकेक भाग समजून घ्यायचा, काढायचा, घासायचा, बसवायचा. या खटपटीतच १९१६ मध्ये आनंदराव गेले. कॅमेरा अर्धाच होता.

बाबूरावांचं वय तेव्हा सव्वीस. ज्याच्याबरोबर प्रत्येक पडदा रंगवला, ज्याच्या साथीनं सिनेमाचं स्वप्न बघितलं, तो जोडीदारच राहिला नाही. त्यांनी काम पुन्हा हातात घेतलं. सोबत होते त्यांचे शिष्य विष्णुपंत दामले. दोघांनी मिळून १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला आणि तो चालला. आपण आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात बनणाऱ्या सुट्या भागांचा अभिमान सांगतो ना, त्या अभिमानाचं एक मूळ या घरगुती कॅमेऱ्यात आहे असं मला वाटतं.

सावली आकाशावर पडते तेव्हा

याच काळात महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. पैसा उभा केला गायिका तानीबाई कागलकर यांनी. ही गोष्ट लक्षात ठेवा. मराठी सिनेमाच्या पायाभरणीत एका गाणाऱ्या बाईचं भांडवल आहे आणि तेही शंभर वर्षांपूर्वीचं.

कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२० चा. कथा कीचकवधाची. याच विषयावरचं कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ हे नाटक ब्रिटिश सरकारनं १९१० मध्ये बंद पाडलं होतं, कारण त्या कीचकात लोकांना लॉर्ड कर्झन दिसत होता. म्हणजे पहिल्याच सिनेमाला बाबूरावांनी निखाऱ्याला हात घातला. भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा उतरला की पुढं त्याला कात्री लागली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी सिनेमा बघितला आणि बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

‘सैरंध्री’त स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांनी. पुढं कमलादेवी आणि सुशीलादेवी या नावांनी त्या ओळखल्या गेल्या. आज यात काय विशेष असं वाटेल. पण त्या काळी सिनेमात काम करणाऱ्या बाईला समाज वाळीत टाकायचा आणि त्यांना कंपनीच्या आवारातच आसरा घ्यावा लागला. सिनेमाच्या इतिहासात शोधांची यादी मोठी असते, ही किंमत मात्र तिच्यात सहसा नसते.

आता सेटकडं या. नाटकात चालणारा पडदा सिनेमात का चालत नाही? प्रयोग म्हणून रंगवलेल्या आभाळासमोर कुणाला तरी उभं करा आणि समोरून दिवा मारा. त्याची सावली थेट आभाळावर पडेल. नाटकाचा प्रेक्षक हे खपवून घेतो, कॅमेरा घेत नाही. बाबूरावांसारख्या पडदे रंगवण्यात अव्वल असलेल्या माणसानं आपली हुकमी कला बाजूला ठेवली आणि खरे खांब, खऱ्या पायऱ्या, आतबाहेर करता येईल अशी दारं असलेले सेट उभे करायला सुरुवात केली. नट आता चित्रापुढं उभा न राहता जागेत वावरायला लागला. सेटची, पोशाखांची चित्रं बाबूराव आधी कागदावर तपशीलवार काढायचे आणि मग कंपनीतली माणसं ती लाकडात आणि कापडात उतरवायची.

आणखी एक अडचण होती. त्या वेळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल शालू पडद्यावर काळा पडायचा, निळं आभाळ पांढरं फटक व्हायचं. त्यामुळं कुठला रंग कृष्णधवल चित्रात कसा उतरेल याचा हिशेब आधी डोक्यात मांडावा लागे. हे काम चित्रकाराच्या डोळ्याचं आणि तो डोळा बाबूरावांकडं होता. ‘सिंहगड’ या १९२३ च्या चित्रपटात त्यांनी उन्हावर विसंबून न राहता दिव्यांच्या प्रकाशात चित्रीकरण केलं. काळोखातली लढाई भर दुपारी कशी दाखवणार, हा प्रश्न त्यातून सुटला.

पोस्टरपासून सावकारापर्यंत

डिझाइनवाल्यांसाठी पुढचा भाग. सिनेमा आलाय हे लोकांना कळवायचं कसं, याचाही विचार बाबूरावांनी चित्रकार म्हणूनच केला. सिनेमाची पोस्टरं ते स्वतः रंगवायचे, माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका काढायचे. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचं पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांमध्ये धरलं जातं. तुम्ही आज एखाद्या वेब सिरीजचं पोस्टर स्टोरीला ठेवता, त्या परंपरेचं एक टोक कोल्हापुरात आहे.

मग आला १९२५ सालचा ‘सावकारी पाश’. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. एका शेतकऱ्याची जमीन सावकार कपटानं गिळतो, शेतकरी देशोधडीला लागतो आणि शेवटी शहरात जाऊन गिरणीत मजुरी करतो. ना देव, ना राजे, ना चमत्कार. शेतकऱ्याचं काम केलं होतं कंपनीत पडेल ते काम करत वर आलेल्या एका तरुणानं. त्याचं नाव व्ही. शांताराम. अंधाऱ्या झोपडीबाहेर कुत्रं रडतंय, हे त्यातलं दृश्य बघणाऱ्यांच्या वर्षानुवर्षं लक्षात राहिलं. मूकपट होता तो. आवाज नव्हताच, तरी लोकांना ते रडणं ऐकू आल्यासारखं वाटलं.

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात किती घरांची गोष्ट अशीच आहे ते आठवून बघा. दुष्काळ, कर्ज, विकलेलं रान आणि मग मागावरची पाळी. ही गोष्ट भारतीय सिनेमानं सांगण्यासारखी आहे, हे पस्तिशीतल्या बाबूरावांना १९२५ मध्येच समजलं होतं.

पण सिनेमा चालला नाही. लोकांना पौराणिक चमत्कार आणि ऐतिहासिक पराक्रम बघायची सवय होती, स्वतःचीच कर्जं पैसे मोजून बघायला कोण येणार? कंपनी चालवायची तर खर्च भागला पाहिजे. बाबूराव पुन्हा पौराणिक-ऐतिहासिक विषयांकडं वळले. ते हरले, असं मी म्हणणार नाही. पण काळाच्या पुढं असणं हे आपण जितकं सहज कौतुकानं बोलतो तितकं ते जगायला सोपं नसतं, एवढं यातून दिसतं.

शिष्य निघाले

बाबूराव मितभाषी होते. बसवून धडे देणारे गुरू ते नव्हते. त्यांच्या हाताखाली माणसं बघून आणि करून शिकायची. दामले कॅमेऱ्यापासून बरोबर होते. कागलचे फत्तेलाल रंग आणि सेट शिकत तयार झाले. शांताराम झाडलोटीपासून अभिनयापर्यंत सगळं करून १९२७ मध्ये याच कंपनीसाठी ‘नेताजी पालकर’ दिग्दर्शित करण्यापर्यंत पोचले.

आणि १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले. सीतारामपंत कुलकर्णींच्या साथीनं त्यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्या दामल्यांबरोबर कॅमेरा पुरा केला, तेही गेले. बाबूराव तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे. कुणाचं चुकलं हे आपण इतक्या लांबून ठरवू नये. जाणाऱ्यांना स्वतःचं काही करायचं होतं, राहणाऱ्याला आपलं घर रिकामं झालेलं दिसत होतं. दोन्ही खरं असू शकतं. दोन वर्षांत ‘आलम आरा’ आला, सिनेमा बोलू लागला आणि मूकपटांबरोबर महाराष्ट्र फिल्म कंपनीचाही काळ संपला.

बाबूराव मात्र थांबले नाहीत. शालिनी सिनेटोनसाठी त्यांनी बोलपट केले. त्यात १९३६ चा ‘सावकारी पाश’ही होता, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी न चाललेला विषय त्यांनी पुन्हा हातात घेतला, आता आवाजासह. तिकडं प्रभात १९३३ मध्ये पुण्याला गेली. दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. त्या सिनेमातलं देहू बघा. मातीच्या भिंती, अंगण, गोठा. सेट असूनही घर वाटावं ही शिकवण कुठून आली असेल ते वेगळं सांगायला नको.

१९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ आला. निर्मिती शांतारामांच्या राजकमलची आणि दिग्दर्शक म्हणून गुरू-शिष्य दोघांचीही नावं. अठरा वर्षांपूर्वी तुटलेला धागा कामातूनच पुन्हा जोडला गेला. चित्रं आणि शिल्पं तर शेवटपर्यंत चालूच होती. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कोल्हापुरातच गेले.

आपल्या हातात काय आहे

आता एक वाईट बातमी. ज्या मूकपटांबद्दल एवढं वाचलंत ते तुम्हाला बघता येणार नाहीत. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ची प्रत आज उपलब्ध नाही. बाबूरावांच्या मूकपटांतले मोजके तुकडे तेवढे वाचले. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, नाहीतर हळूहळू विरघळत जाणारी. शिवाय जुनी रिळं जपून ठेवावीत असं वाटणारी माणसं त्या काळी फार थोडी होती. सेट तर सिनेमा झाला की मोडायचेच असतात.

म्हणून मला बाबूरावांचं काम बघताना दामले, फत्तेलाल आणि शांताराम यांचे सिनेमे बघावेसे वाटतात. जे वाचलं ते माणसांच्या हातांत वाचलं. आनंदरावांचा अर्धा कॅमेरा बाबूरावांनी पुरा केला आणि बाबूरावांचं अर्धं राहिलेलं शिष्यांनी पुढं नेलं.

आणि घरच्यांच्या त्या विचारणेचं काय? बाबूरावांकडं बघितलं तर कळतं की ते दहा गोष्टी करत नव्हते. पडद्यातून त्यांना जागा कशी भासवायची ते कळलं, ते कळलं म्हणून सेट उभारता आला, सेटवर प्रकाश कसा पडतो ते बघता बघता कॅमेरा समजला आणि कॅमेऱ्याचं लोखंड घासायला वडिलांकडून आलेला हात कामी आला. एक काम दुसऱ्याच्या पोटातून निघालं. तेव्हा तुम्हीही स्वतःला तपासून बघा. देखावा, बॅनर, लायटिंग यातलं एक शिकलेलं दुसऱ्यात उतरतंय का? उतरत असेल तर बिनधास्त चालू ठेवा. नुसतंच इथून तिथं उड्या मारणं असेल, तर घरच्यांचं जरा ऐकाच.

कबनूरहून कोल्हापूर एसटीनं तासाभराचं. पुढच्या खेपेला महाद्वार रोडवर खरेदी झाली की खरी कॉर्नरला जा. तिथं बाबूरावांच्या आठवणीत कॅमेऱ्याचं स्मारक उभं आहे. दर १ डिसेंबरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापना दिनी, कोल्हापूरचे कलावंत तिथं फुलं वाहायला जमतात. बाकीचे दिवस रिक्षा, दुचाकी आणि भाजीच्या पिशव्यांच्या गर्दीत तो कॅमेरा एकटाच असतो. सेल्फी काढा, हरकत नाही. पण त्याआधी मिनिटभर त्या दांड्याचा, आकड्याचा आणि सेकंदाला सोळा चित्रांचा विचार करा, आणि तुमच्या खोलीत अर्धवट पडलेलं असं काय आहे तेही आठवून बघा.